एकाच वारसाचा रकाना

“तुमचे वडील सोळा दिवस आधी गेले असते ना, तर काही प्रश्नच नव्हता,” भाडे कार्यालयाच्या खिडकीमागचा कारकून म्हणाला.

बोलण्यात खोच नव्हती. उलट हळहळच होती. डोळ्यांदेखत बस चुकलेल्या माणसाकडे बघावं, तसा तो तिच्याकडे बघत होता.

“सांगून ठेवायला हवं होतं त्यांना,” ती म्हणाली.

कारकुनाला ते लागलं की नाही, कोण जाणे. त्याने काचेखालून एक छापील पत्रक सरकवलं आणि त्यावर बोट ठेवून समजावून सांगितलं. जुन्या कायद्यात दुकानाचा भाडेकरू गेला, तर जागा त्याच्या घरच्यांकडे राहायची. बायको, मुलं, जे कोणी असतील त्यांच्याकडे. कोणी विचारायलाही येत नसे. नव्या कायद्याने राहत्या घरांना हात लावला नव्हता, पण धंद्याच्या जागांचे नियम बदलले होते. आता वारस एकच. तोही गेलेल्या माणसाबरोबर त्याच जागेत, तोच धंदा प्रत्यक्ष करत असलेला. त्याचा लेखी पुरावा हवा आणि मृत्यूपासून नव्वद दिवसांत अर्ज हवा. नाहीतर जागा मालकाच्या ताब्यात.

“हे कधीपासून?”

“एक तारखेपासून. तुमचे वडील सोळाला गेले.”

ती आली होती भाडेपावतीवरचं नाव बदलून घ्यायला. एवढंच काम, तासाभरात दुकानात परत, असा तिचा हिशेब होता. नव्वदातले चौतीस दिवस आधीच सरले होते आणि त्यांतला एकही दिवस मोजायचा असतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दुकान शिलाई मशीन दुरुस्तीचं. पुढे काउंटर, काउंटरमागे बाबांची खुर्ची, मग एक पडदा, आणि पडद्याआड कामाचं टेबल. भिंतीवर पट्टे लटकलेले, डब्यांमध्ये बॉबिन, शटल, स्प्रिंगा, सुया. सगळ्याला मशीनच्या तेलाचा वास. वर पाटी, पाटीवर बाबांचं नाव आणि पुढे ‘आणि चिरंजीव’. चिरंजीव म्हणजे तिचा दादा. तो अठरा वर्षांचा झाला तेव्हाच बाबांनी धंद्याचा परवाना आणि वीजबिल त्याच्या नावावर केलं होतं, पुढे कटकट नको म्हणून. दादाने दीड-दोन वर्षं दुकानात काढली, मग दुसऱ्या गावात गोदामावर नोकरी धरली आणि तिकडचाच झाला. परवाना मात्र दर वर्षी त्याच्याच नावाने नवा होत राहिला. नवा करून आणायला जायची ती.

ती दुकानात आली एकोणीस वर्षांपूर्वी, दोन महिन्यांसाठी. बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. औषधाने थांबेल, तोवर बारीकसारीक बघ, असं ते म्हणाले होते. औषधाने थांबलं नाही. आधी स्क्रूड्रायव्हर खाचेत बसेना, मग सुई ओवता येईना, मग दुसरा हातही तसाच झाला. कंपवात, डॉक्टर म्हणाले. बाबांनी तिला एकच गोष्ट बजावली होती: “कोणाला कळता कामा नये. कारागिराचा हात गेला म्हटलं, की गिऱ्हाईक जातं.”

म्हणून पडदा आला. बाबा पुढे बसायचे, हात मांडीवर एकमेकांत घट्ट गुंतवून. गिऱ्हाईक मशीन घेऊन आलं की ती दुकानातल्या स्टँडवर बसवून पायडल मारायला सांगायचे, कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, “ठेवून जा. उद्या न्या.” कान त्यांचा शेवटपर्यंत पक्का होता. टाका का सुटतो, धागा कुठे अडतो, ते ऐकूनच सांगायचे. काम ती करायची, पडद्याआड. दुसऱ्या दिवशी बाबाच मशीन गिऱ्हाइकाच्या हवाली करायचे आणि गिऱ्हाईक म्हणायचं, “तुमचा हात म्हणजे हात आहे!” बाबा हसायचे. पडद्यामागे तीही हसायची. खरं सांगायचं तर सुरुवातीला तिला त्यात मजाच वाटायची.

आता याचा लेखी पुरावा आणायचा होता.

एक वकीलबाई तिच्या गिऱ्हाईक होत्या. त्यांच्या आईची जुनी मशीन तिनेच उभी केली होती, अर्थात बाबांच्या नावावर. त्यांनी पत्रक वाचलं आणि चष्मा काढला. “पगाराची पावती?”

“बापाकडून पगार कोण घेतं?”

“परवान्यावर नाव? कामगार म्हणून कुठे नोंद?”

“नाही.”

“मग साक्षीदार आण. जुनी गिऱ्हाइकं. प्रत्येकाकडून लिहून घे, की काम तू करायचीस.”

पहिल्यांदा ती कोपऱ्यावरच्या मास्तरांकडे गेली. शिंपीकाम करणारे मास्तर पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक, माणूस सरळ. त्यांनी कात्री खाली ठेवली, हात पुसले आणि लगेच लिहायला बसले. कागद तिच्याकडे देताना म्हणाले, “हे घे. तुझ्यासाठी एवढं केलंच पाहिजे.”

कागदावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘मी या कुटुंबाला चांगला ओळखतो. ही मुलगी अत्यंत प्रेमळ असून रोज न चुकता वडिलांसाठी डबा घेऊन दुकानात येत असे.’

“मास्तर, डबा आणायचे ते खरंच. पण मशीन मीच दुरुस्त करायचे. तुमची ती काजं करायची मशीन, गेल्या वर्षी तिचा शाफ्ट बदलला, तो मी बदलला.”

“तू?”

“बाबांचा हात चालत नव्हता. एकोणीस वर्षं.”

मास्तरांचा चेहरा बदलला. “हे बघ, जागेची ओढाताण आहे, मला समजतं. पण गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. त्यांच्या हातून मी स्वतः मशीन घेतलीय.”

“हातातून घेतलीत. दुरुस्त होताना बघितलीत का?”

“मी खोटं लिहिणार नाही,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी कात्री उचलली.

ती रस्त्यावर आली. मास्तर खोटं बोलले असते, तर निदान भांडता तरी आलं असतं. चांगल्या माणसाशी भांडायचं कसं? पिशव्या शिवणाऱ्या बाईने तेच सांगितलं, शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंनी तेच. सगळे जण बाबांची आठवण काढून हळवे झाले. दोघांनी तर तिला बसवून चहा पाजला. एकोणीस वर्षं तिने इतकं चोख नाटक केलं होतं, की आता ते तिचं तिलाच मोडता येईना.

“मग डॉक्टरांचा कागद काढ,” वकीलबाई म्हणाल्या. “वडिलांना कंपवात होता हे सिद्ध झालं, तर काम दुसरंच कोणीतरी करत होतं हे आपोआप येतं.”

डॉक्टर निवृत्त झाले होते. दवाखाना त्यांच्या मुलीकडे होता, जुनी कागदपत्रं माळ्यावर होती. पुढच्या टेबलावरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “पेशंटला स्वतःला यावं लागेल.”

“पेशंट वारलेत.”

“मग वारस दाखला लागेल.”

वारस दाखल्याच्या कार्यालयात सांगितलं, सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. तिथून ती भाडे कार्यालयात गेली, की दाखला यायचा आहे तोवर अर्ज तरी घ्या. तिथे सांगितलं, पुराव्याशिवाय अर्ज घेता येत नाही. म्हणजे पुराव्यासाठी दाखला, दाखल्यासाठी सही, आणि सही दादाची. फिरून फिरून सगळे रस्ते दादाच्या दारात जात होते. शहाण्णव पायऱ्या होत्या त्या कार्यालयाला. लिफ्ट बंद होती. तिने सातव्यांदा उतरताना पायऱ्या मोजल्या, कारण नाहीतर ती रडली असती.

त्यात दादाचा फोन आला, तो आपणहून. “मालकांनी मला बोलावलंय. रविवारी येतो.”

मालक म्हणजे दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहणारे म्हातारे गृहस्थ. इमारत त्यांच्या आजोबांची. माणूस कुरकुरा, पण लबाड नव्हता. तिची अर्जासाठीची धावपळ कळल्यावर त्यांनी तिला जिन्यातच गाठून सांगितलं होतं, “तुझ्या भाड्यात माझ्या या जिन्यातला दिवासुद्धा जळत नाही, बाई. छपरातून पाणी गळतं. मी काय करू? चाळीस वर्षं कायद्याने मला गप्प बसवलं. आता कायदा माझ्या बाजूने बोलतोय, तर मी बोलणार.” छप्पर खरंच गळत होतं.

परवान्यावर दादाचं नाव होतं. दादाने ‘मला जागा नको’ असं लिहून दिलं आणि तिचा अर्ज फेटाळला गेला, की मालक मोकळे. बदल्यात ते दादाला एक रक्कम देणार होते. त्यांनी ते लपवलंही नाही.

रविवारी दादा आधी मालकांना भेटून मग दुकानात आला. बाबांच्या खुर्चीत बसायला गेला आणि न बसता काउंटरला टेकून उभा राहिला.

“मला हे दुकान घेऊन करायचंय काय?” तो म्हणाला. “पण तुझंही आता काय राहिलंय इथे? काम करणारा माणूस गेला. तू त्यांच्या हाताखाली होतीस, मी नाही म्हणत नाही. पण धंदा काही तुला एकटीला झेपणार नाही. जे मिळतंय ते निम्मं-निम्मं घेऊ. माझ्या मुलीचं पुढच्या वर्षी कॉलेज आहे.”

“दादा, बाबांनी एकोणीस वर्षांत एक स्क्रू पिळला नाही.”

“काहीतरीच.”

तिने टेबलाचा खण उघडला. बाबांना दिलेला शब्द असा मोडावा लागेल, हे तिला वाटलं नव्हतं. खणातून तिने एक चमचा काढून काउंटरवर ठेवला. चमच्याच्या दांड्याला मशीनच्या चामडी पट्ट्याचा तुकडा गुंडाळून मनगटाएवढा जाड केला होता.

“हे काय?”

“बाबांचा चमचा. साध्याने तोंडापर्यंत घास जायचा नाही. हे असं धरून, दोन्ही हातांनी, पडद्यामागे बसून जेवायचे. मी पुढे उभी राहायचे, कोणी आत येऊ नये म्हणून.”

दादाने चमचा उचलला. उलटसुलट केला.

“तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते,” तो हळूच म्हणाला. “दोन दिवस काही खाल्लं नाही. पोट बरं नाही म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी परत फिरले. माझी बायको अजून मनात धरून आहे, की तिच्या हातचं त्यांना चाललं नाही.”

“सगळ्यांच्या समोर जेवायला लागलं असतं ना.”

मग तो एकदम भडकला. “मला का नाही सांगितलं? मी कोण परका होतो? फोनवर दर आठवड्याला ‘सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे’! तुम्ही दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलं.”

“त्यांनी बजावलं होतं.”

“त्यांनी बजावलं, आणि तू ऐकलंस. आता भोग.”

तो तरातरा बाहेर गेला. तिला वाटलं, गेला. पण तो पानटपरीपर्यंत जाऊन पाण्याची बाटली घेऊन परत आला, खुर्चीत धपकन बसला आणि म्हणाला, “कुठे सही करायची ते दाखव. आणि मालकांना सांगायला तू यायचं नाहीस. शब्द मी दिला होता, मोडायलाही मीच जाईन.” कॉलेजबद्दल तो पुन्हा बोलला नाही. तिनेही विचारलं नाही, कारण तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. सह्या करताना तो प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचत होता आणि तिच्याकडे बघत नव्हता.

दाखला निघाला, दवाखान्याच्या माळ्यावरून कागद निघाला, अर्ज शहाऐंशीव्या दिवशी दाखल झाला. सुनावणी लागली.

सुनावणीची खोली म्हणजे एक लांब टेबल आणि आठ खुर्च्या. अधिकारी तरुण होता, सारखा घड्याळाकडे बघणारा. तिच्या बाजूने वकीलबाई, समोर मालक आणि त्यांचे वकील. वकीलबाईंनी डॉक्टरांचा कागद पुढे ठेवला. आता संपलं, असं तिला वाटलं.

मालकांचे वकील शांतपणे उठले. “साहेब, हा कागद आम्हाला मान्य आहे. भाडेकरूला एकोणीस वर्षं धंदा करताच येत नव्हता. म्हणजे जागा त्यांनी स्वतः वापरली नाही, दुसऱ्याला वापरायला दिली. मालकाच्या परवानगीशिवाय. हा तर उघड अटींचा भंग झाला. भाडेकरार तेव्हाच संपला. वारसाचा प्रश्न येतोच कुठे?”

तिने वकीलबाईंकडे बघितलं. “हे काय चाललंय? काम केलं नाही म्हटलं तर मी वारस नाही, काम केलं म्हटलं तर बाबा गुन्हेगार?”

“थांब,” वकीलबाई पुटपुटल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, “पोटची मुलगी म्हणजे ‘दुसरं’ कोणी नव्हे, साहेब.”

“पण मुलगी प्रत्यक्ष धंदा करत होती, याला लेखी पुरावा कुठे आहे?” समोरून लगेच प्रश्न आला. “वडील करत नव्हते एवढंच यावरून दिसतं. एखादा नोकर ठेवला असेल.”

अधिकाऱ्याने मान डोलावली. “मुद्दा बरोबर आहे.”

ती उठून उभी राहिली. “साहेब, एक बंद पडलेली मशीन आणा. कुठलीही. इथे टेबलावर ठेवा. तासाभरात चालू करून देते. नाही झाली, तर आत्ता किल्ल्या देऊन जाते.”

“तशी तरतूद नाही,” अधिकारी म्हणाला. नाराजीने नव्हे, नुसतंच. “मला कागद बघावा लागतो. बसा.”

ती बसली. टेबलाखाली तिच्या मुठी वळल्या होत्या. एवढी वर्षं या हातांनी काय काय उघडलं आणि जोडलं, आणि या खोलीत ते हात कशाच्याच कामाचे नव्हते.

तेवढ्यात मालकांचाच संयम सुटला. “नोकर कसला? कोणी नोकरबिकर नव्हता. हीच होती,” ते तडकून म्हणाले. “बाप चार वाजता घरी जायचा. ही रात्री दहा-दहा वाजेपर्यंत मशीन चालवून बघायची. खडखड, खडखड. माझी एकोणीस वर्षांची झोप गेलीय साहेब, ती कोण भरून देणार? मी नगरपालिकेत तक्रार केली होती, दोनदा, लेखी. कोणी दखल घेतली नाही!”

त्यांच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले.

अधिकाऱ्याने पहिल्यांदा घड्याळावरून नजर काढली. “लेखी? काय लिहिलं होतं तक्रारीत?”

“हेच. की भाडेकरूची मुलगी दुकानात मशीन दुरुस्त करत बसते आणि उतारवयातल्या माणसाला त्रास होतो.” मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. ते वकिलांकडे वळले. “मग काय करू? खोटं सांगू?”

तक्रारींच्या नकला नगरपालिकेतून मिळायला आणखी पाच आठवडे लागले. त्यासाठी तिला तीन खेपा घालाव्या लागल्या, कारण पहिल्या खेपेला तक्रार करणाऱ्याची संमती मागितली गेली आणि ती संमती मालकांनी, जिन्यात उभं राहून, शिव्या घालत का होईना, सही करून दिली.

आदेश आला तेव्हा तिने तो कार्यालयातल्या बाकावर बसून वाचला. जागा तिच्या नावावर झाली होती. पण नव्या कायद्यातल्या दुसऱ्या कलमाप्रमाणे ही सवलत पाच वर्षांपुरती. भाडं टप्प्याटप्प्याने चालू दरावर जाणार, आणि पाच वर्षांनी मालक म्हणतील तसं. तिच्यानंतर कोणीही वारस नाही. हे सगळं तिला वकीलबाईंनी आधी सांगितलं होतं. अडखळली ती तिसऱ्या परिच्छेदावर: ‘अर्जदार या मयत भाडेकरूस त्यांच्या व्यवसायात मदत करीत होत्या, असे दिसून येते.’

ती खिडकीपाशी गेली. “इथे चूक झालीय. ‘मदत’ लिहिलंय. काम मी करत होते.”

खिडकीत आज एक बाई होत्या. त्यांनी ओळ वाचली. “दुरुस्तीचा अर्ज करता येईल. पण मग आदेश स्थगित राहील, निर्णय होईपर्यंत.”

“किती दिवस?”

“सांगता येत नाही. आणि समोरच्या पार्टीला पुन्हा नोटीस जाईल.”

“एका शब्दासाठी?”

“शब्दच असतो हो,” बाई म्हणाल्या. त्यांना मागे रांग दिसत होती.

तिने कागद परत घेतला. परत काचेपाशी नेला. मागचा माणूस खाकरला. शेवटी तिने कागदाची घडी घातली, पिशवीत टाकला आणि पोच म्हणून सही केली, इतक्या जोरात, की पेनचं टोक कागदातून खाली टेबलावर उमटलं.

दुकानात येऊन तिने दादाला फोन केला. “झालं.”

“पाच वर्षंच ना?”

“पाच.”

“तेवढ्यासाठी एवढं सगळं,” तो म्हणाला. आणि लगेच पुढे, “परवान्यावरचं माझं नाव काढायचा फॉर्म असतो. मी विचारून ठेवलंय. तीन कागद लागतात.”

“लागणारच,” ती म्हणाली.

फोन ठेवून तिने पडद्याची दोरी सोडवली. पडदा खाली पडला, एकोणीस वर्षांची धूळ नाकात गेली आणि ती शिंकत राहिली. मग कामाचं टेबल ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत तिने पुढे आणलं. टेबल जड होतं, फरशीवर दोन चरे पडले, आणि त्या आवाजाने वरून मालकांनी काठी आपटली.

“दोन मिनिटं!” ती वर बघून ओरडली. “आणि तुमच्या छपराचं आधी बघा!”

पिशव्या शिवणारी बाई दारात येऊन उभी होती, डोक्यावर मशीन घेऊन. “बसलीस का तू आता इथे?” तिने विचारलं. “टाका सुटतोय बघ. करशील ना गं तू, की दुसरीकडे नेऊ?”

“ठेवा या स्टँडवर,” ती म्हणाली. “पायडल मारा. बघू दे.”